पॉइंट टू टूची बॅरल बदलताना

शेवटी रायफलची बॅरल, म्हणजे नळी, बदलून झाली. शूटिंग क्लबमधले बरेच जण विचारतायत की पॉइंट टू टूची (.२२, म्हणजे ५.६ मिलिमीटरच्या गोळीच्या रायफलीची) बॅरल झिजून संपते तरी का, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

तर सहजासहजी नाही संपत. मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या पोकळीच्या) रायफलीत तांब्याचं आवरण असलेली गोळी आणि भयंकर तापलेला गॅस, त्यामुळे तिथं काही हजार राउंडांतच (काडतुसांतच) बॅरल झिजायला लागते. आपली गोळी शिशाची, ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅम, आणि स्पर्धेचा राउंड आवाजाच्या वेगाच्या खालीच सुटतो. नीट सांभाळली तर बॅरल वर्षानुवर्षं चालते. म्हणून ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) जरा पसरला की लगेच "बॅरल गेली" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, कारण ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची, तिथं दुसरं काहीही जरासं हललं तरी नऊ लागतो.

आधी बाकीचं सगळं तपासायचं. ॲक्शनचे (बोल्ट असतो त्या यंत्रणेचे) स्क्रू टॉर्क रेंचने (माझ्या रायफलला ५ न्यूटन मीटर लागतो), नेम धरायची साइट ढिली आहे का, क्राउनला (बॅरलच्या तोंडाच्या कडेला) कुठे ओरखडा आहे का, राउंडचा लॉट (एकत्र बनवलेली बॅच) बदललाय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) अगदी पुढे कार्बनचं कडं बसतं ते. पॅच (सफाईचा कापडाचा तुकडा) पांढरा निघाला म्हणजे बोअर स्वच्छ असं लोक धरून चालतात पण ते कडं तसंच राहतं, आणि ते नीट काढल्यावर ग्रुप परत जागेवर आलेला मी दुसऱ्यांच्या रायफलींवर बघितलाय. बॅरली जेवढ्या गोळ्यांनी खराब होतात तेवढ्याच क्लीनिंग रॉड वेडावाकडा घासूनही होतात, रॉड सरळ धरणारा रॉड गाइड वापरा प्लीज. त्यात आपलं ठाणं, पावसाळ्यात खाडीची दमट हवा घरभर असते, रायफल कव्हरमध्ये तशीच ठेवली तर आतून गंज धरतो.

हे सगळं करूनही माझ्या रायफलचे एकदोन शॉट प्रत्येक ग्रुपमध्ये खाली जायचेच. मग गनस्मिथ काकांनी बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) घातला आणि मला स्क्रीन दाखवली. वरच्या बाजूचे लँड (आतल्या पिळाच्या खाचांमधले उंचवटे) कडक, धारदार, आणि चेंबरच्या पुढे सहा वाजताच्या जागी स्टील मे महिन्यातल्या वावरासारखं भेगाळलेलं. आपल्या राउंडसारख्या रिमफायरमध्ये प्रायमर (बारूद पेटवणारं मिश्रण) काडतुसाच्या मागच्या कडेच्या, म्हणजे रिमच्या, आत असतो आणि त्यात बारीक दळलेली काच असते, त्याची राख तळाला पडते आणि पुढची गोळी ती घासत नेते, म्हणून झीज खालीच जास्त. हे बघितल्यावर मात्र मी वाद घातला नाही.

आता कायद्याचं, कारण इथं बरेच लोक गाफील असतात. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राचे भाग हेही शस्त्रच. बॅरल म्हणजे कुरिअरने मागवायचा स्पेअर पार्ट नव्हे, आणि रिपेअरही लायसन्स असलेल्या माणसाकडेच करायचं. परदेशात काही रायफलींच्या बॅरली दोन स्क्रू काढून घरी बदलतात ते व्हिडिओ बघून इथं कोणी हात घालू नका. कागद होईपर्यंत थांबावं लागलं, चालतंय.

फिटिंगचं काम मी शेजारी बसून बघितलं. जुन्या मॅच रायफलीत बॅरल रिसीव्हरमध्ये दाबून बसवलेली आणि पिनने अडकवलेली असते, त्यात हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) काडतुसाच्या रिमवर ठरतो, रिमची जाडी जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे किती बारीक हिशोब ते बघा. काकांनी डमी (न उडणारा) राउंड आत घालून बोल्ट बंद केला, मग तो बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला, शिशावर लँडच्या बारीक खुणा सगळीकडून सारख्या उमटलेल्या. "हे बघ ताई, सरळ बसलीय." मला तिथेच बरं वाटलं.

पण खरं काम त्यानंतर. जुन्या बॅरलला जो लॉट लाडका होता तो नवीला अजिबात आवडला नाही! प्रत्येक बॅरलची थरथर वेगळी, गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे आहे यावर सगळं अवलंबून, त्यामुळे एकाच कंपनीचे एकाच डब्याच्या रंगाचे दोन लॉटसुद्धा वेगळे लागतात. वरळीच्या रेंजवर रेस्टवरून (रायफल टेकवायच्या आधारावरून) वेगवेगळ्या लॉटचे दहा-दहाचे ग्रुप मारत बसले, वारा पडलेला असताना सकाळीच, आणि कागदांवर लॉट नंबर लिहून ठेवले. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) ब्राँझ आणलं तेव्हापासून नवीन पोरं रायफल कुठली घेऊ विचारतात, त्यांना मी सांगते रायफलीचं बजेट ठरवताना लॉट टेस्टिंगचे राउंड आधी धरा.

एक लॉट सापडलाय. लायसन्सच्या मर्यादेत बसतील तेवढे डबे एकदमच घेतले. जुनी बॅरल भंगारात टाकायची नसते, ती डीलरकडे जमा आहे, पावती फाइलला लावली.