जुन्या लॉगचं भूत

रात्री दोन वाजता एन्कोड, म्हणजे चित्रपट दाबून लहान फाइलमध्ये बसवण्याचं काम, संपलं. फाइल ४.२१ जीबीची निघाली, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि मी निश्चिंत मनाने दिवा मालवला. आदल्या संध्याकाळी त्याच चित्रपटाची फाइल ४.१९ जीबीची आली होती. हे वीस एमबी कुठून वाढले, हा प्रश्न पडायला हवा होता. झोप आलेल्या माणसाला तो पडत नाही.

काम एका नृत्यनाट्याच्या चित्रीकरणाचं होतं. बरोबर शंभर मिनिटं, १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला २५ फ्रेम. सभागृहातला प्लेअर जुना, त्याला फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह चालायचा. फॅट३२ वर एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सपेक्षा, म्हणजे सुमारे ४.२९ जीबीपेक्षा, एका बाइटनेही मोठी ठेवता येत नाही. एच.२६५ ही व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत वापरली असती तर जागेची ओढाताण बरीच कमी झाली असती, पण ते २०१३ चं मानक त्या प्लेअरच्या गावीही नव्हतं. तेव्हा २००३ चं आपलं एच.२६४च. "दोन फाइली करू का, सर?" असं मी दिग्दर्शकांना विचारून पाहिलं. "मध्ये पडदा काळा झाला की संपलं," एवढंच ते म्हणाले.

मग हिशोब. बिटरेट (सेकंदाला खर्च होणारे बिट) गुणिले सेकंद, भागिले आठ, की आकार मिळतो. सहा हजार सेकंदांत ती मर्यादा गाठायची तर सेकंदाला साधारण ५,७२६ किलोबिट मिळतात. आवाजाला १९२ दिले, कंटेनरसाठी, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र बांधणाऱ्या वेष्टणासाठी, आणि माझ्या भित्र्या स्वभावासाठी थोडी जागा सोडली आणि चित्राला ५,४०० ठेवले.

त्याआधी सीआरएफने एकदा काढून पाहिलं होतं. दर्जा एका आकड्याने ठरवून द्यायचा (आकडा लहान तितका दर्जा चांगला) आणि लागतील तितके बिट घेऊ द्यायचे, ही पद्धत मला एरवी सगळ्यात आवडते. पण १८ ला फाइल झाली ६.३ जीबी. सीआरएफ सहाने वाढवलं की आकार साधारण निम्मा होतो, या हिशोबाने २१.५ च्या आसपास बसलं असतं. पण तो शेवटी अंदाज. उद्या ४.४ निघाली तर तीन तास पाण्यात. म्हणून टू-पास, म्हणजे एन्कोडर चित्रपटावरून दोनदा फिरवायचा. त्याने दर्जात जादू होते असं अनेकांना वाटतं, तसं काही नाही. त्याच आकाराची फाइल सीआरएफने योगायोगाने निघाली तर दोन्हींत डोळ्यांना फरक शोधावा लागेल. टू-पासचं काम ठरलेल्या आकारात नेमकं बसवणं.

ते कसं, तर परीक्षेत आधी सगळा पेपर वाचून मग वेळ वाटून घ्यावा तसं. पहिल्या पासमध्ये एन्कोडर सगळा चित्रपट पाहतो आणि प्रत्येक फ्रेम किती अवघड आहे ते एका लॉग फाइलमध्ये टिपून ठेवतो. दुसऱ्या पासला ते टिपण हाताशी असतं, त्यामुळे कुठे काटकसर करायची आणि कुठे सढळ हात ठेवायचा हे त्याला आधीच ठाऊक असतं. एकाच पासमध्ये सरासरी बिटरेट देऊन काढलं तर पुढे काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना नसते.

संध्याकाळची फाइल उत्तम निघाली होती. रात्री नऊला सरांचा फोन आला. वादळाचा सात मिनिटांचा समूहनृत्याचा प्रसंग आणि त्याला लागून येणारा, दिव्यापाशी एकट्या बसलेल्या नायिकेचा चार मिनिटांचा प्रसंग यांची अदलाबदल करायची. आधी एकांत, मग वादळ. टाइमलाइनवर दोन मिनिटांचं काम. एकूण लांबी तीच राहिली, दीड लाख फ्रेम. मी मनाशी म्हटलं, चित्रं तीच आहेत, पहिला पास कशाला परत करायचा? नुसता दुसरा लावला.

सकाळी सहकारी फाइल तपासत होता. "ताई, इकडे या जरा," तो म्हणाला. "इथे भूत आहे."

मी हसले. मग पाहिलं.

नायिका स्थिर बसलेली. मागे अंधार, चेहऱ्यावर दिव्याचा उजेड. कॅमेरा हलत नाही, ती हलत नाही. आणि तिच्या गालावरून धूसर चौकोनांचा एक पुंजका डावीकडून उजवीकडे सरकत गेला. थोड्या वेळाने दुसरा, उलट दिशेने. मागच्या अंधारात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे पडले होते. हा संपूर्ण चित्रपटातला सगळ्यात सोपा प्रसंग, बिट कमी पडायचं काही कारणच नाही. उलट वादळाची शेवटची चार मिनिटं, जिथे चिंध्या उडतात आणि दिवे लखलखतात, ती इतकी स्वच्छ की केसन्‌केस मोजावा. त्यानंतरचा सगळा चित्रपट ठीक.

आधी संशय मूळ एक्सपोर्टवर गेला. ते स्वच्छ होतं. मग प्लेअरवर. दुसऱ्या यंत्रावरही भूत तसंच. "प्रसंग बदलले तेवढाच भाग बिघडलाय ना?" सहकारी म्हणाला, आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

एक्स२६४ ची, म्हणजे मी वापरते त्या एच.२६४ च्या एन्कोडरची, लॉग फाइल साधा मजकूर असते, एका फ्रेमला एक ओळ. एकांत संपून वादळ सुरू होतं त्या कटच्या फ्रेमचा क्रमांक काढला आणि ती ओळ पाहिली. नवा प्रसंग म्हणजे तिथे आय-फ्रेम हवी, आधीच्या चित्राचा आधार न घेता स्वतंत्र काढलेली. ओळीत लिहिलं होतं पी, म्हणजे आधीच्या चित्राच्या आधाराने काढलेली. बरोबरच होतं. जुन्या क्रमात ती जागा वादळाच्या मध्यावर होती, तिथे कट नव्हताच. दुसऱ्या पासमध्ये एन्कोडर फ्रेमचे प्रकार स्वतः ठरवत नाही, यादीतून उचलतो. म्हणून त्या कटवर चित्र क्षणभर चिखलासारखं दिसत होतं.

बाकीचं मग उलगडत गेलं. दुसऱ्याच पेपरचं नियोजन मी या पेपरला लावलं होतं. घाईगर्दीच्या दृश्यात डोळा बारकावे शोधत नाही, म्हणून एन्कोडर तिथे मुद्दाम भरड काम करतो, शांत दृश्यात बारीक. माझ्या यादीनुसार एकांताच्या चार मिनिटांवर "वादळ" असा शिक्का होता. नायिकेचा चेहरा भरड काढला गेला. वादळाच्या शेपटाला "एकांत" समजून बारीक काढलं, आणि ते वीस एमबी बहुधा तिथेच खर्ची पडले.

आणि भूत? लॉगच्या शेजारी एमबी-ट्री नावाची आणखी एक फाइल असते. चित्राचा कुठला चौकोन पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा उपयोगी पडणार आहे याची ती नोंद ठेवते. स्थिर पार्श्वभूमीचे चौकोन नीट काढायचे, कारण ते टिकतात. हलत्या शरीरांचे थोडे ढिले सोडायचे, कारण ते लगेच बदलतात. गालावरून सरकणारे ते पुंजके म्हणजे नर्तक होते. त्या प्रसंगात नसलेल्या माणसांची हालचाल तिच्या चेहऱ्यावर उमटली होती. इतक्या वर्षांत एन्कोडरची चूक मला सुंदर वाटली ती त्या एकदाच, आणि तेही नको त्या दिवशी.

फ्रेमची संख्या बदलली असती तर एक्स२६४ नेच तक्रार केली असती. संख्या जुळली, त्यामुळे त्यालाही शंका यायचं कारण नव्हतं.

"याच्यावरच तिसरा पास मारला तर?" सहकाऱ्याने विचारलं. आकडे सुधारले असते, पण आय-फ्रेमच्या जागा त्याच जुन्या यादीतून आल्या असत्या. शिवाय यादी खरी असली तरी तिसऱ्या पासने हाती फारसं काही लागत नाही. लॉग आणि एमबी-ट्री दोन्ही पुसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला पास हलक्या सेटिंगवर चालतो, चाळीस मिनिटांत झाला. दुसऱ्याला अडीच तास. खेळ चारला होता, फाइल पावणेदोनला हातात आली. ४.१९.

सरांना दोन्ही प्रती दाखवल्या, आधी बिघडलेली. ते नायिकेच्या प्रसंगावर काहीच बोलले नाहीत. वादळावर मात्र म्हणाले, "हे शेवटचं फार छान दिसतंय, कालच्यापेक्षा." मग नवी प्रत लावली. "यात थोडं मऊ वाटतंय का हो?"

मी म्हटलं, "किंचित, सर." आणि एकांताचा प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लावला.