खाडीची वही : फेरी नववी, रेवदंडा

मार्गदर्शकांसोबत केलेल्या खाडीफेऱ्यांच्या नोंदी मी तीन हिवाळ्यांपासून ठेवतो आहे. या वेळी पुण्याहून पहाटे चारला निघून ताम्हिणी घाट उतरलो आणि साडेआठच्या सुमारास कुंडलिका नदीच्या मुखाशी पोहोचलो. ही खाडी मला आपली वाटते, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते; परंतु मुळशी धरणात अडवलेले मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते आणि पुढे कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्रास मिळते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले.

फेरीची वेळ आता मी तिथीवरून ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तृतीयेला भरती सव्वादोनच्या आसपास, म्हणजे सकाळची ओहोटी साधारण आठ-साडेआठला. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्याने उधाण ओसरलेले नव्हते आणि चिखल दूरवर उघडा पडला होता. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, इतका चिखल मिळत नाही. पहिल्या दोन फेऱ्या आयोजकांनी केवळ रविवार पाहून ठरवल्या होत्या. आम्ही ऐन ओहोटीला पोहोचलो, आणि सगळे पक्षी पाण्याच्या कडेला, दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे दिसत होते. त्या वेळी मी पक्षी कमी आले असे लिहून ठेवले होते. ती नोंद आता मी खोडली आहे, कारण पक्षी होते, आमची वेळ चुकली होती. ओहोटी पाहण्यापेक्षा चढत्या पाण्याची वाट पाहावी, कारण चिखलाचा पट्टा आक्रसत गेला की पक्षी आपण होऊन बांधाकडे सरकतात. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सर्वांत वेगाने चढते. या वेळी साडेदहानंतर लाल पायांचे अकरा टिलवे आमच्यापासून वीस पावलांवर आले. टिलवा ओल्या कडेलगत चोच खुपसत चालतो, तर आखूड चोचीचा चिखल्या चार पावले धावतो, थबकतो आणि नजरेने हेरलेले भक्ष्य वरच्यावर टिपतो. एकाच चिखलात दोघांची गर्दी का होत नाही, हे त्या अर्ध्या तासात नीट समजले.

तिवर, कांदळ आणि चिप्पी ही इथली खारफुटीची झाडे; त्यांतल्या तिवरीच्या पानाकडे मात्र मी आजवर पुरेसे लक्ष दिले नव्हते, याची खंत वाटते. बांधावरची एक फांदी भिंगाखाली धरली, तेव्हा पानाच्या पृष्ठभागावर मिठाचे बारीक कण चमकत होते. जिभेला लावून पाहिले; चव स्पष्ट खारट होती. तिवर शोषलेले मीठ पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकते. कांदळ मात्र बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतो. पांढरी चिप्पी ओळखायची ती खाली पाहून: तिची श्वसनमुळे जाड, निमुळत्या शंकूसारखी असतात, तिवरीची पेन्सिलीएवढी बारीक. याच मुळांवाटे झाडाला चिखलात हवा मिळते, म्हणून त्यांवर पाय पडू न देणे हा आमच्या फेऱ्यांचा पहिला नियम आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चिखलात उतरलो ते केवळ वाट दाखवणाऱ्या कोळीण मावशींच्या मागोमाग. माझा पाय पोटरीपर्यंत रुतल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, सरळ वर ओढू नका, आधी टाच मोकळी करा, मग पाय तिरपा काढा." तसे केल्यावर बूट पायातच राहिला. शेजारी दोन निवट्या, म्हणजे चिखलावर फिरणारे छोटे मासे, छातीच्या परांच्या आधारे सरपटत आपापल्या बिळांकडे गेल्या. एक वाजता बांध सोडला, तेव्हा चिखल जवळजवळ सगळा पाण्याखाली गेला होता.

पुढची फेरी माघ वद्य द्वितीयेला. भरती दीडच्या सुमारास येईल, म्हणून पुण्याहून निघायची वेळ साडेतीन धरली आहे. या वेळी चिप्पीच्या फुलांची नोंद करायची आहे.