पोहण्याचा तलाव, आणि त्याच्या नकाशापायी गेलेले 14 आठवडे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, उथळ बाजूला 3 फूट आणि खोल बाजूला साडेपाच. माझी मुलगी त्यातच पोहायला शिकली. पहिल्या मजल्यावरच्या आजी तर वयाच्या 52व्या वर्षी शिकल्या. मार्च 2020 मध्ये तलाव बंद झाला, तो परत सुरू झालाच नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस आला. त्याने पांढऱ्या पळीत पाणी उचलून माझ्यासमोर धरलं, आत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नोटीस मिळाली, ती योग्यच होती. सचिव मी असल्यामुळे सही माझी. त्या दिवशी ठरवलं की या तलावाचा निकाल लावायचाच.

मी लगेच मोटर लावून पाणी उपसायला निघाले होते. आमच्या इंजिनीअरांनी फोनवरच थांबवलं. "ताई, पावसाळ्यात रिकामा करू नका, वर उचलला जाईल." त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला: रिकाम्या काँक्रीटच्या पेटीचं वजन साधारण 46 टन, आणि जमिनीतलं पाणी काठापर्यंत चढलं तर ती पेटी वर ढकलणारा जोर 80 टनांहून जास्त. तळ तडकतो, फरशा उखडतात. म्हणून क्लोरीन टाकत, अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांचा विचारही न करता (क्लोरीनमध्ये ते जगत नाहीत), पाणी नोव्हेंबरपर्यंत तसंच ठेवलं. ज्यांच्याकडे असा बंद पडलेला तलाव आहे त्यांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवा.

पर्याय तीन होते. तलाव पुन्हा सुरू करायचा तर दीड हॉर्सपॉवरचा पंप रोज 6 तास, म्हणजे महिन्याला 200 युनिटच्या आसपास वीज, शिवाय क्लोरीन, वाळूचा फिल्टर आणि जीवरक्षकाचा पगार. 24 घरांपैकी पोहणारी घरं 5. बुजवायचा तर 23 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भराव. एक ठेकेदार डेब्रिज, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, फुकट टाकून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. त्यात पोकळ्या राहतात आणि दोन पावसाळ्यांत जमीन खचते. बुजवायचाच असेल तर आधी तळाला भोकं पाडून घ्या, नाहीतर खाली पाणी तुंबून राहतं. मग मुरूम थराथराने, प्रत्येक थर ठोकून. तिसरा पर्याय म्हणजे वर स्लॅब टाकून पावसाच्या पाण्याची टाकी.

मला टाकी हवी होती, हे उघडच सांगते. आमच्या 350 चौरस मीटर गच्चीवर पावसाळ्यात 2 मीटरच्या वर पाऊस पडतो. वाया जाणारं सोडलं तरी साडेपाच लाख लिटर हाती लागतं. पालिका पाणीकपात जाहीर करते तेव्हा आम्ही टँकरवाल्याच्या पाया पडतो, आणि हे पाणी मात्र गटारात जातं.

पण इंजिनीअर अडून बसले. तलावाची उथळ बाजूची भिंत जिन्याच्या खांबाजवळ येते. ती इमारतीच्या पायाला बांधलेली आहे की वेगळी, हे कळल्याशिवाय ते सही करणार नव्हते. तलाव भरायचा तर मुरमाचं वजन 110 टन, पाण्याच्या पावणेदोन पट. टाकी करायची तर स्लॅबचं वजन त्याच भिंतींवर. "मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणा," म्हणाले.

9 जानेवारी ते 16 एप्रिल. 14 आठवडे.

आमची इमारत ज्यांनी आखली त्यांचं कार्यालय दादरला, जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पहिल्या दिवशी सांगितलं, सोमवारी या. सोमवारी गेले तर साहेब साइटवर. मग फाईल गोडाऊनमध्ये. मग गोडाऊनची किल्ली ज्याच्याकडे तो गावी. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या म्हणाले, दिला. त्यावर अध्यक्षांचीही सही हवी होती, हे पुढच्या खेपेला कळलं. शोधण्याची फी भरली, पावती घेतली. मी नोकरी करते. प्रत्येक खेपेला अर्धी रजा. तेरा खेपा झाल्या. मार्चअखेर शिपायाने नाड्याने बांधलेली गुंडाळी आणून टेबलावर ठेवली. मी ती घाईने उलगडली, निळसर कागद घडीवर फाटला. नकाशा शेजारच्या विंगचा निघाला. कार्यालयातल्या कुणाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "हाच आहे आमच्याकडे, मॅडम." मी जिन्यात बसून रडले होते, हे घरीही सांगितलं नाही. आजही त्या रस्त्याने जाताना माझं डोकं तापतं.

सुटका झाली ती आमच्या प्लंबरमुळे. इंजिनीअर कंपाउंडमध्ये उभे असताना तो सहज म्हणाला, "साहेब, खणून बघा ना." दोन मजुरांनी खांबाजवळ 5 फूट खड्डा घेतला, अर्धा दिवस लागला. तलावाची भिंत मोकळी झाली, आणि तिच्या व खांबाच्या मध्ये दोन इंचांची फट दिसली, आत पिवळा पडलेला थर्माकोल. इंजिनीअरांनी स्टीलची पट्टी त्या फटीत सरळ खाली सरकवली. थर्माकोलचा चुरा माझ्या चपलेवर पडला. पट्टी मूठभर वर राहेपर्यंत गेली. पेटी वेगळी होती, आणि खांबाचा पाया तिच्या तळापेक्षा खाली. मला इतकं हलकं वाटलं की मजुरांना मी दोन वेळा चहा पाजला. म्हणून सांगते, नकाशाच्या मागे लागण्याआधी इंजिनीअरला खड्डा घ्यायला सांगा.

पुढचं सगळं सुरळीत झालं. विशेष सभेला आधी 11 जणच आले. कोरम 16 चा, त्यामुळे ती तहकूब झाली. पुढच्या वेळी 17 आले आणि टाकीचा ठराव पास झाला. तिसऱ्या मजल्यावरचे काका विरोधात होते, पण काम सुरू झाल्यावर रोज सकाळी स्लॅबवर पाणी मारायला तेच उभे राहिले. मंजूर नकाशात तलाव दाखवलेला असेल तर बदलाची परवानगी लागते, ते कागद इंजिनीअरांनी केले.

टाकीकडून अपेक्षा मात्र मोजून ठेवा. आमच्या 65,000 लिटरमध्ये 96 माणसांच्या फ्लशला जेमतेम 15 दिवस जातील, आणि फ्लशची लाइन वेगळी नसेल तर तेही नाही. आम्ही बाग, जिने आणि गाड्या धुण्यापुरतं वापरतो. जास्तीचं शोषखड्ड्यात सोडलंय. पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊ नका, गच्चीची सगळी घाण त्यात असते. हवेच्या पाइपला जाळी बसवा. आणि स्लॅब टाकण्याआधी भिंती घासून घ्या, ही गोष्ट मला उशिरा कळली: एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.

जूनमध्ये पहिले दोन पाऊस वाहून जाऊ दिले आणि मग व्हॉल्व्ह फिरवला. चार दिवसांनी आजींना हाताला धरून मी झाकणापाशी नेलं आणि टॉर्च खाली धरला. निळ्या फरशा तशाच होत्या. पाणी "3 फूट" लिहिलेल्या फरशीला लागलं होतं. आजी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग मी झाकण बंद करून कुलूप लावलं. किल्ली वॉचमनकडे आहे, मुलांच्या हाती लागू देत नाही.