टिंब

काल दुपारी पिंट्याचा मेसेज आला. ‘आई बाहेर आली. आता आईची चिता करू नको.’

आणि मी काय केलं? मीटिंग चालू असताना, टेबलाखाली मोबाइल धरून, ‘*चिंता’ लिहून पाठवलं. पुढे एक हसरा चेहरा. आई कशी आहे, काही खाल्लं का, पट्टी कधी काढणार, हे सुचलं ते चार मिनिटांनी. तोवर दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या.

उत्तर नाही. कामात असेल. मोतीबिंदूचं हल्ली काही विशेष नसतं, सकाळी नेतात आणि दुपारी घरी सोडतात. तरी रजा मिळाली नाही म्हणून मी इथे पुण्यात, आणि तो दुकानाचं शटर ओढून दिवसभर तिथे बाकावर. आणि मला दिसलं काय, तर अनुस्वार.

रात्री झोप लागली नाही. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, एक मेलेल्याला जाळते, दुसरी जिवंत माणसाला, हे सुभाषित नववीत आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. माझं लगेच झालं. आमच्या घरात पाठ व्हायचं ते मलाच व्हायचं.

पिंट्याला वेलांटी कधी जमली नाही. मला वाटतं, त्याने ती जरा जास्तच मनावर घेतली. ‘ताई, कि म्हणताना आधी काय ऐकू येतं?’ क. ‘मग वेलांटी आधी का काढायची?’ तसंच असतं. ‘आणि सूर्यातला र आधी ऐकू येतो, तो य च्या डोक्यावर का?’ तसंच असतं रे, लिही. मी तेव्हा दहा वर्षांची, तो सातचा. सत्तावन्न सांगितलं की तो 75 लिहायचा, कारण सात आधी ऐकू आला. मी त्याभोवती गोल करायचे. लाल पेनाने. ते पेन आईने मला खास आणून दिलं होतं, बाईंच्या पर्समध्ये असतं तसं. संध्याकाळी त्याची वही समोर ओढली की मला छान वाटायचं, हे आज लिहून टाकते. फूटपट्टी बाबांची होती. पण बाबांना दाखवायचं काय, ते माझे गोल ठरवायचे. असो.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र हसत होता. मीही आमच्या ग्रुपवर दोन विनोद ढकलले. पिंट्याचा फोन आला. ‘बरोबर केलंय गं त्यांनी,’ म्हणाला, आणि लगेच गणपतीला कधी येतेस ते विचारलं.

त्याला नेमकं काय होतंय याला नाव मिळालं तो नववीत असताना. डोंबिवलीहून सायनच्या रुग्णालयात आईच्या किती खेपा झाल्या कोण जाणे. अध्ययन अक्षमतेचा दाखला हातात पडला आणि दहावीला जादा वेळ मिळाला, बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीचं अंकगणित मिळालं, रायटर मिळाला. रायटर मीच, हे मी धरूनच चालले होते. त्याचं बोलणं माझ्याइतकं कुणाला कळणार? तर नियम असा की रायटर खालच्या इयत्तेतला हवा. समोरच्या बिल्डिंगमधला नववीतला मुलगा बसला. मी मोरीत जाऊन रडले. पेपर त्याचा, रडतेय मी.

आणि त्या खेपांच्या वर्षी माझी बारावी होती. ‘हिचं ही बघते, हिच्याकडे बघावं लागत नाही,’ असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. मग खरंच कुणी बघितलं नाही. 84 टक्के पडले तेव्हा पेढे आणायचे राहून गेले, कारण त्याच दिवशी पिंट्याची... जाऊ दे. मला तेव्हा वाटायचं, कुणीतरी माझीही वही ओढावी आणि लाल गोल करावेत. एवढं लिहून आता हसू येतंय. अडतीस वर्षांची बाई, आणि गोल हवेत म्हणे.

अपंगत्वाच्या कायद्यात अध्ययन अक्षमता आली ती 2016 साली. तोवर पिंट्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चार वर्षं चालू होतं. जळकी मोटर उघडून किती वेढे घालायचे ते तो मोजून डोक्यात ठेवतो. कागदावर काही नसतं.

सकाळी न राहवून फोन केला. म्हटलं, काल मी उगाच ते चिंता...

‘टिंब राहिलं होतं ना? अगं, मी बोलतो आणि तो मोबाइल लिहितो. त्याला सांग.’ मागून आईचा आवाज, ‘कोण, ताई का? तिला सांग, मला काळा गॉगल दिलाय.’

म्हणजे चूक त्याची नव्हतीच. रात्रभर मी कुणाची माफी मागत होते कोण जाणे.

मग त्याने एक फोटो पाठवला. डोळ्यात घालायच्या थेंबांचं वेळापत्रक, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. अक्षर एकही नाही. दोन बाटल्या काढल्यात, एकीचं बूच गुलाबी आणि एकीचं पांढरं रंगवलेलं, आणि प्रत्येकीपुढे घड्याळं. एकेका घड्याळाखाली चौकोन, थेंब घातला की फुली मारायला. कालच्या सगळ्या फुल्या मारलेल्या.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा करून पाहिला. रात्री नऊच्या घड्याळात छोटा काटा बारावर आहे आणि मोठा नऊवर.

आईची मालिका नऊला सुरू होते, त्याआधी ती थेंब मागून घेतेच. त्याला काही बोलले नाही. अजून तरी.