एट्रुस्कन रवेकाम: त्रिकोणांची ओळ कुठवर आली

सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचेच बारीक गोल रवे बसवून त्रिकोणांची ओळ चालू आहे; प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचं हे रवेकाम. नमुना आहे इटलीतल्या चेर्वेतेरीच्या रेगोलिनी-गलास्सी थडग्यातली वस्त्र अडकवायची भलीमोठी सोन्याची पिन. इ. स. पूर्व सातवं शतक, उत्खनन १८३६, आज व्हॅटिकनमध्ये. तिच्यावरच्या सिंहांच्या कडेने रवे बसवलेत. असं काम मोठ्या छायाचित्रात पाहिलं की रवा पत्र्याला जेमतेम टेकलेला दिसतो आणि दोन रव्यांमधली सावली शाबूत असते. सगळं देखणेपण त्या सावलीत आहे. डाख (सांध्यात वितळवून भरायचा जोडधातू) लावला की ती बुजते, म्हणून इथे डाख नाही.

पत्रा २२ कॅरेट, जाडी ०.४ मिमी. रव्यांसाठी त्याच सोन्याची ०.२५ मिमी तार, ०.५ मिमीचे तुकडे. यातून ०.३६ मिमीचा रवा मिळतो. हिशेब सोपा: तारेच्या जाडीचा वर्ग गुणिले लांबी गुणिले दीड, त्याचं घनमूळ. मुशीत कोळशाच्या पुडीचा थर, त्यावर सुटे तुकडे, पुन्हा पूड, आणि सुमारे ११०० अंश. तुकडे एकमेकांना लागले की जुळे रवे होतात. चाळून ते बाजूला काढायचे. दहा रव्यांच्या बाजूचा त्रिकोण म्हणजे ५५ रवे, आणि वजन जेमतेम २४ मिलिग्रॅम. सोनं नगण्य लागतं, लागतो तो हात.

चिकटवायला तांब्याच्या कार्बोनेटची वस्त्रगाळ पूड, तेवढाच भिजवलेला कतिरा डिंक आणि पाणी. आपल्याकडे डिंकाऐवजी गुंज वाटूनही रवे चिकटवतात, पण गुंजेचं बी जहाल विषारी आहे, हे विसरू नका. ब्रिटिश कारागीर एच. ए. पी. लिटलडेल यांनी १९३३मध्ये पेटंट घेतलेली रीत हीच: तापल्यावर तांब्याच्या कार्बोनेटचं ऑक्साइड होतं, डिंक जळून कोळसा होतो, साधारण ८५० अंशांना तो कोळसा ऑक्साइडमधून तांबं मोकळं करतो, आणि ८९०च्या आसपास ते तांबं सोन्याशी मिळून फक्त टेकलेल्या जागी वितळतं. म्हणून ज्योत मऊ, पिवळसर हवी. हवा जास्त झाली तर तांबं मोकळंच होत नाही आणि ब्रश फिरवताच रवे गळतात.

आधीचे दोन त्रिकोण स्वच्छ उतरलेत. तिसऱ्याच्या टोकाचे रवे पत्र्यात बुडालेत. टोक पत्र्याच्या काठाशी आहे आणि काठ मधल्या भागाआधी तापतो. मध्यावर एक राखाडी डागही आहे: तिथे मिश्रण साचलं होतं, रव्यांच्या बुडाशी तांबं जास्त झालं. चौथ्यासाठी काठापासून ३ मिमी जागा सोडली आहे. मिश्रण लावल्यावर जास्तीचा ओलावा टिपकागदाच्या कोपऱ्याने ओढून घ्यायचा आणि पत्रा पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर पाणी उकळून रवे उडतात. आच खालून. पृष्ठभागावर क्षणभर चकाकी सरकली की ज्योत लगेच बाजूला.