जरा ही दोरी धर की!

भाचीच्या शाळेची पहिली पालकसभा शनिवारी अकराला आणि वहिनीच्या बँकेत नेमकं ऑडिट. "ताई, तुम्हीच जावा की. नुसती सही करायची आणि यायचं," असं म्हणत ती स्कूटर काढून गेलीसुद्धा. तिकडं अमेरिकेत, ओहायोत माझ्या पोरांना सुट्टी, त्यांची शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडणार. इथं कोल्हापुरात जूनच्या मध्यालाच घंटा वाजलेली. म्हणून मग मी गेले. (घरात अजून ‘मी गेलो’च म्हणते, लिहिताना तेवढी आवरते.)

हॉलच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग, आत नव्या दप्तरांचा आणि रेनकोटचा वास. माइकनं आधी शीळ घातली. मग दीपप्रज्वलन, मंचावरच्यांना गुलाबपुष्प, मग फी, गणवेश आणि रिक्षावाल्यांनी गेटसमोर थांबायचं नाही. आया पुढच्या बाकांवर, बापमंडळी मागं, एक पाय दाराबाहेर. माझ्या शेजारी गडहिंग्लजहून नवऱ्याच्या बदलीमुळं आलेली एक मुलगी बसली होती. मुलगीच म्हणायची, पंचविशीची असेल. हातातल्या पिशवीच्या बंदाला पीळ घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. अर्धा तास तिच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही. मी तिकडं आठ वर्षं मागं जाऊन बसले होते.

थोरल्याला ओहायोत किंडरगार्टनला घातलं तेव्हाची गोष्ट. शाळेकडून सामानाची यादी आली: चोवीस पेन्सिली, बारा ग्लू स्टिक, टिश्यूचे डबे. मला वाटलं, एवढ्या पेन्सिली हरवणार म्हणूनच मागवल्यात. मग आपली जुनी पद्धत. रात्री ब्लेड घेऊन बसले, प्रत्येक पेन्सिलीचं खोडरबराखालचं साल तासलं आणि बॉलपेननं पोराचं नाव घातलं. चोवीस वेळा. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलांच्या पेन्सिली एका मोठ्या डब्यात ओतल्या. तिथं सामान सामाईक असतं, वर्गाचं. पोरगं रडत घरी आलं, "आई, माझ्या पेन्सिली वाटून टाकल्या." पुढं वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या हातात माझ्या लेकाचं नाव होतं. बाकी सगळ्या आयांना हे ठाऊक होतं. आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट नव्या माणसाला सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी पालकसंघानं मैदानावर एक संध्याकाळ ठेवली होती. मुलांनी बर्फाच्या कांड्या खायच्या, झोपाळ्यावर खेळायचं, वर्गातले सोबती बघून घ्यायचे. त्याची ईमेल मला आली होती, पण इतर चौदा ईमेलांच्या खाली दबलेली. मी गेलेच नाही. पहिल्या दिवशी लेकाला आत सोडलं आणि कुंपणाशी उभी राहिले. किंडरगार्टनच्या आईबापांसाठी तिथं नाश्ता होता. टेबलावर कॉफी, मफिन आणि शेजारी चक्क टिश्यूचा डबा, रडणाऱ्या आयांसाठी. मला तो सगळा प्रकार अंमळ नाटकीच वाटला.

तेवढ्यात एक बाई आली. छातीवर कागदाचं लेबल, त्यावर तिचं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरात लेकीचं नाव नि वर्ग. ‘स्वागत आहे’ वगैरे काही म्हणाली नाही. हातात चाकू दिला आणि म्हणाली, हे मफिन अर्धे कापायचेत, मला जरा हात द्या. वीस मिनिटं आम्ही मफिन कापले. तेवढ्यात मला कळलं की बस कुठल्या कोपऱ्यावर थांबते, डब्यात शेंगदाण्याचं काही का चालत नाही, आणि फोटोचा दिवस कधी. पेन्सिलीचं तेवढं राहिलं, ते पोरगं घरी आल्यावर कळलंच. घरी जाताना माझ्या फोनमध्ये तीन नंबर होते.

तेव्हा मला इथली कोल्हापुरातली, मंगळवार पेठेतली तालीम आठवली. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की त्यांच्या पोराला तालमीत कुणी गुलाब देत नाही. गणपतीचा मांडव घालायचा असतो. कुणीतरी वरून ओरडतं, "ए भावा, जरा ही दोरी धर की!" दोरी धरली की पोरगं गल्लीचं झालं. वडापाव बरोबरच खायचा.

दोन वर्षांनी मीच त्या संघात गेले, तेव्हा आतली यंत्रणा बघितली. नव्या घरांची यादी, त्यांना विचारून, ऑफिसातून मिळते. प्रत्येक नव्या घराला त्याच वर्गातलं किंवा त्याच बस-थांब्यावरचं एक जुनं घर नेमून द्यायचं आणि शाळा उघडायच्या आठवडाभर आधी त्यांनी एक फोन करायचा. भाषणबिषण काही नाही, "आमची पोरगी तुमच्या पोराबरोबर बसमध्ये असेल" एवढंच. कामांचा तक्ता लावायचा, पण कामं पंधरा मिनिटांची. रात्रपाळीवाल्यांसाठी घरी बसून करायची वेगळी. नाहीतर त्याच चार आया सगळं ओढतात, मग त्यांचाच कंपू होतो आणि नवी बाई लांबूनच परत जाते. तसंही मी तिथं बघितलंय.

पैशांचं एक सांगितलंच पाहिजे. त्या शाळेत वर्गणीचं टेबल अगदी दारात असायचं. आत पाऊल टाकायच्या आधी वीस डॉलर. आमच्या वर्षी भांडून आम्ही ते आत, कॉफीच्या पलीकडं नेलं. आणि भाषेचं म्हणाल तर तिथल्या सरकारी शाळांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं बंधन आहे, पालकाला समजेल त्या भाषेत महत्त्वाचं सांगावंच लागतं. पण नेपाळी आईला दुभाष्यापेक्षा दुसरी नेपाळी आई शेजारी असलेली आवडायची. इथंही गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बिहारहून आलेली घरं आहेत, कागलच्या पलीकडं गेलं की कानडी. त्यांच्या शेजारी कोण बसतं?

आपल्याला हे शिकवायला अमेरिका कशाला पाहिजे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण १९०१ पासूनच त्यांनी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली होती. शाळेचं दार नुसतं उघडून भागत नाही, खेड्यातून आलेलं पोरगं रात्री झोपणार कुठं आणि जेवणार काय, हे आधी बघितलं.

तर त्या सभेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आता कार्यकारी समितीच्या चिठ्ठ्या. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं खाजगी शाळांना पालक-शिक्षक संघ करावाच लागतो, आणि इच्छुकांतून निवड चिठ्ठी टाकून होते. इच्छुक कोण, म्हटल्यावर मागचे बाप अजून थोडे बाहेर सरकले. मी शेजारणीला म्हटलं, "ह्या कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करायच्यात, तू फाड, मी घड्या घालते." तिनं पिशवी खाली ठेवली. तिसऱ्या चिठ्ठीला तिनं विचारलं, रिक्षावाले मामा कुणाचे चांगले आहेत? पुढच्या बाकावरच्या दोघी एकदम वळल्या. राजारामपुरीच्या कुठल्या गल्लीत राहता, इथपासून सुरुवात झाली आणि माइकवरून "शांतता राखा" येईपर्यंत चालली.

चिठ्ठ्या मात्र चारच भरत होत्या, पाचवी रिकामी राहत होती. मला राहवलं नाही.

रात्री वहिनी जेवण वाढता वाढता थांबली. फोनवर शाळेचा मेसेज होता. "ताई, नुसती सही करायची म्हटलं होतं न्हवं मी? तुम्ही जाणार विमानानं, आणि माझं नाव चिठ्ठीत घालून आलात व्हय!"