तलावाकाठचं बांधकाम: सहा महिन्यांचं घड्याळ

तलावाकाठी पहिला डंपर रिकामा झाला, त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. बांधकामाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे) त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायला तिथून सहाच महिने मिळतात. सबळ कारण असेल तर वर आणखी ६० दिवस. बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात, कारण आसपासचे रहिवासी तक्रार करून महापालिकेच्या उत्तराची वाट पाहत बसतात.

आधी जागा कुणाची ते काढा: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सोबत विकास आराखड्याचा भाग नकाशा. मग माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘बांधकाम बेकायदा आहे का?’ असं विचारू नका. मत मिळत नाही. परवानगीची प्रत, मंजूर नकाशा आणि कार्यादेश (कंत्राटदाराला दिलेला कामाचा आदेश) मागा.

फोटो ऐन पावसाळ्यात काढा. एकाच खांबाजवळ उभं राहून, पाणी कुठवर चढलंय ते दिसेल असे. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या २०१७ च्या नियमांनुसार सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम चालत नाही. उन्हाळ्यातल्या फोटोत ही रेषा दिसतच नाही.

‘सार्वजनिक सोयीसाठीच आहे’ या उत्तराने गप्प बसू नका. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक खुद्द मुंबई महापालिकेचा होता. उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली.